क्लेअर्सहोमचा मतदारसंघ

कॅनडाच्या पश्चिमेस अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. त्यातील कॅलगरी शहराच्या दक्षिणेस सुमारे १२५ किलोमीटरांवर क्लेअर्सहोम हे गाव लोहमार्गाच्या कडेला वसलेले आहे. सभोवती गव्हाची सपाट राने. या गावाच्या नावाचा प्रांतिक मतदारसंघ १९०९ साली अस्तित्वात आला आणि १९२६ साली मोडला. सतरा वर्षांचे आयुष्य आणि अवघ्या चार सार्वत्रिक निवडणुका! तरीही त्याची दप्तरे चाळावीत अशी आहेत.

पहिल्या दोन निवडणुकांत विशेष काही घडले नाही. १९०५ साली प्रांत स्थापन झाल्यापासून सत्ता उदारमतवादी पक्षाकडे होती, आणि क्लेअर्सहोमने १९०९ साली माल्कम मॅकेंझी यांना व १९१३ साली विल्यम मॉफॅट यांना निवडून दिले. दोघेही त्याच पक्षाचे.

शेतकऱ्याच्या मनात मात्र निराळेच शिजत होते. गहू त्याचा, पण वाहतुकीचा दर रेल्वे कंपनी ठरवी, साठवणीची कोठारे व्यापाऱ्यांची आणि कर्ज दूरच्या पेढ्यांचे. आपल्याकडील कापूस पिकवणाऱ्या कुणब्याला हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. सीमेपलीकडे अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात १९१५ साली ‘नॉन-पार्टिझन लीग’ स्थापन झाली. कोठारे, पिठाच्या गिरण्या आणि बँका सरकारने चालवाव्यात, ही तिची मागणी. दक्षिण अल्बर्टात अनेक कुटुंबे अमेरिकेतूनच येऊन वसली होती. तेव्हा हा विचार सीमा ओलांडून आला यात नवल नाही.

लुईस मॅकिनी याच वाटेने आलेल्या. जन्म १८६८ साली ऑन्टॅरिओ प्रांतात, काही वर्षे शिक्षिकेचे काम, नंतर नॉर्थ डाकोटात वास्तव्य, आणि १९०३ साली क्लेअर्सहोम. मद्यपानविरोधी स्त्रीसंघटनेच्या त्या पुढारी होत्या. १९१५ साली अल्बर्टाच्या पुरुष मतदारांनी दारूबंदीला कौल दिला. १९१६ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला. आणि ७ जून १९१७ रोजी लीगच्या उमेदवार म्हणून मॅकिनीबाईंनी मॉफॅट यांचा पराभव केला. त्याच निवडणुकीत परदेशी असलेल्या सैनिकांच्या मतांवर रॉबर्टा मॅकअ‍ॅडम्स ही लष्करी आहारतज्ज्ञही निवडून आली. ब्रिटिश साम्राज्यातील कोणत्याही विधिमंडळात निवडून गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. आपल्याकडे मद्रास व मुंबई प्रांतांनी स्त्रियांना मताधिकार दिला तो १९२१ साली, आणि तोही मिळकतीच्या अटीसह.

स्त्रियांच्या मतांनी बाई विजयी झाल्या, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो पुरता पटत नाही. शेजारच्या नॅन्टन मतदारसंघातून लीगचाच उमेदवार निवडून आला, आणि तो पुरुष होता. गव्हाचा राग दोन्हीकडे सारखाच होता. क्लेअर्सहोमला त्या रागाला वाचा देणारी स्त्री लाभली, एवढेच. मात्र सभागृहात गेल्यावर बाईंनी विधवा व विभक्त स्त्रियांच्या हक्कांचा पाठपुरावा केला, हे काम मॉफॅट यांच्या हातून झाले असते असे वाटत नाही.

१९२१ साली शेतकऱ्यांची लाट खरोखरच आली. ‘युनायटेड फार्मर्स’ पक्षाने ६१ पैकी ३८ जागा जिंकून सरकार बनवले. मॅकिनीबाई त्याच पक्षाच्या उमेदवार होत्या आणि नेमक्या त्याच पडल्या! थॉमस मिल्न्स हा अपक्ष निवडून आला. पुढे १९२६ साली फेररचनेत हा मतदारसंघ नॅन्टनशी जोडला गेला. ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते की नाही, हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेणाऱ्या पाच स्त्रियांत बाई होत्या. १९२९ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९३१ साली त्या निवर्तल्या.

या चारही निवडणुकांच्या मतदारयाद्यांत एक वर्ग मात्र आढळत नाही. ज्यांच्या भूमीवर हा गहू उगवत होता, त्या आदिवासी जमातींच्या नोंदणीकृत लोकांना अल्बर्टाने प्रांतिक मताधिकार दिला तो १९६५ साली. तोवर क्लेअर्सहोमचा मतदारसंघ मोडून एकोणचाळीस वर्षे झाली होती.