हेर्टा मुंबईत का उतरली नाही?

सफाळ्याहून रोज मुंबईला जाणारे आम्ही तिघे-चौघे पुस्तकं आपसात फिरवतो. या वेळी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' फिरली. १९३९ची, बेडेकरांची एकमेव कादंबरी. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि हेर्टा ही जर्मन ज्यू तरुणी. मतं अर्थातच जुळली नाहीत. एकाला ती नुसती प्रेमकथा वाटली, दुसऱ्याने चक्रधरला सरळ पळपुटा ठरवलं. (शेवट सांगत नाही.) कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीने मात्र नेमकं विचारलं, "मामू, हेर्टा मुंबईतच का उतरली नाही?"

उत्तर इतिहासात आहे. ऑक्टोबर १९३८पासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षर मारलं जाऊ लागलं. नोव्हेंबरात सिनॅगॉग जाळली गेली. पळायचं तर कुठे? त्याच जुलैत एव्हियाँला जमलेल्या ३२ देशांपैकी बहुतेकांनी सहानुभूती दाखवून दारं लावून घेतली होती. ब्रिटिश हिंदुस्थानात यायलाही परवानगी हवी. शांघाय बंदरावर तेव्हा व्हिसा मागत नसत, म्हणून इटालियन बोटींनी सुएझ, मुंबई करत हजारो ज्यू तिकडे गेले. मुंबई त्यांना डेकवरूनच दिसायची.

म्हणून चक्रधरला पळपुटा म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. तो गुलाम देशाचा माणूस होता, तरी त्याच्या खिशात मुंबईत उतरू देणारा कागद होता. हेर्टाच्या कागदावर तिचा धर्म छापला होता.