पानिपताहून परतलेले

संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले, गड्ड्यावर दुकाने लागली, की शुक्रवार पेठेत आम्हां लोकांच्या घरी पैपाहुण्यांची वर्दळ सुरू होते; आणि त्या बैठकीत कोणी वडीलधारा हटकून म्हणतो, ‘आजच्याच दिवशी पानिपत झाले.’ तारीख बरोबर आहे. 14 जानेवारी 1761, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. परंतु त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. ती हळूहळू पुढे सरकत नंतर 14 तारखेवर आली. महाराष्ट्राने मात्र आपले दुःख सणाला बांधून ठेवले. गणिताची ही चूक सुधारावी असे आम्हांस कधी वाटले नाही.

लढाई का हरली, याचा खल आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते जे जिवंत परतले त्यांच्याविषयी. त्या काळच्या एका सावकारी पत्रात मेलेल्यांचा हिशेब मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक भाषेत दिला आहे, हे आपण शाळेत शिकलो. खुर्द्याची गणती नव्हती. ज्यांची माणसे त्या खुर्द्यात गेली, त्यांच्या घरी काय झाले हे सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. म्हणून मोठ्यांच्या घरांत डोकावणे भाग आहे. नानासाहेब पेशवे तर सहा महिनेही तगले नाहीत. 23 जून 1761 रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

महादजी शिंदे तगले. भाऊ दत्ताजी वर्षभर आधी बुराडीला पडलेला, पुतण्या जनकोजी पानिपतात गेला. महादजी आपल्या दख्खनी घोडीवर निसटले, पण एक अफगाण स्वार मागे लागला. त्याचे घोडे जड आणि बेढब. तरीही महादजी दम घ्यायला थांबले, की तो मागून येताना दिसेच. शेवटी घोडी खड्ड्यात पडली. स्वाराने परशूचा घाव गुडघ्यावर घातला, दागिने आणि घोडी घेतली, आणि तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घातले म्हणून ते वाचले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. पाय मात्र जन्माचा अधू झाला.

हे पुष्कळांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथात नोंदले आहे की, तो अफगाण आणि त्याचे ते बेढब घोडे आपल्या घोडीमागे धापा टाकीत येताना झोपेत दिसते, असे महादजी सांगत असत. ज्याच्या फौजांनी 1771 मध्ये दिल्ली घेतली, ज्याने बादशहाला तख्तावर नेऊन बसविले, त्याच्या स्वप्नातला पाठलाग काही थांबला नाही. पानिपताचा कलंक धुऊन काढला, असे आपण अभिमानाने म्हणतो. तो इतिहासातून निघाला असेल. झोपेतून निघाला नाही.

नाना फडणीस त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे. घोडा सोडला, अंगावरचे कपडे टाकले आणि पायी पळाले. पत्नी पुढे भेटली, आई परत आली नाही. नानांना रणभीरू म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. कोणावर सहसा विश्वास न टाकणारा, दूरदूरच्या दरबारांतली बित्तंबातमी राखणारा हा मुत्सद्दी आम्हांस त्या पळालेल्या पोरापासून वेगळा काढता येत नाही.

सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या रणावरून परत आल्या. विश्वासरावाचा देह मिळाला होता. भाऊंचा म्हणून जो मिळाला त्याला शिर नव्हते, असे शुजाच्या पदरी असलेला काशिराज लिहितो. शिर मागाहून सापडले, दहनही झाले. पण हे सारे शत्रूच्या छावणीत. पुण्यात कोणी पाहिले? पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही, आणि घरच्यांनीही त्यांच्यावर ते लादले नाही. त्या काळच्या पुण्यात ही लहान गोष्ट नव्हे.

आणि वाट काय त्या एकट्याच पाहत होत्या? 1776 साली भाऊ म्हणविणारा एक कनोजी ब्राह्मण रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, तेव्हा कोकणातले किल्ले भराभर त्याला मिळाले, हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही हकीकत घरोघरी पोचली. राजकारणी लोकांनी त्यात आपला डाव साधला, हे खरे. परंतु पंधरा वर्षांनी मेलेला माणूस परत आला, हे हजारांना खरे वाटते, ते केवळ डावाने वाटत नाही. ज्यांचा मुलगा, ज्यांचा धनी पानिपताहून आला नव्हता, त्यांना भाऊ आले म्हणजे आपलेही माणूस येईल, असेच वाटले असणार.

तोतयाचा मोड करायला निघालेल्या सरदारांत महादजी होते. पुण्यात त्याची चौकशी झाली ती नानांच्या कारभारात. म्हणजे भाऊ आता येणार नाहीत, हे लोकांना पटवून देण्याचे काम त्याच रणातून पळून वाचलेल्या दोघांवर येऊन पडले. वर्षअखेर तोतयाला देहान्ताची शिक्षा झाली. पार्वतीबाईंचे कुंकू मात्र त्यानंतरही सात वर्षे, 1783 मध्ये त्यांनी डोळे मिटले तोपर्यंत, कपाळावर होते.