भोवरा का थांबतो?

आज एक जुना प्रश्न घेऊन आलेय, तो आहे आपल्या पोरांच्या भोवऱ्याचा. दोरी सुटली, हात लागत नाही, तरी भोवरा फिरतोच. कुंभाराचंही तसंच. काठीनं चाकाला गती देतो, काठी बाजूला ठेवतो आणि फिरत्या चाकावर दोन्ही हातांनी गाडगं घडवतो. हात काढून घेतल्यावर हे फिरतं कशानं? आणि फिरतच होतं, तर मग थांबतं कशानं? या दोन प्रश्नांनी शिकलेल्या माणसांना सुमारे दोन हजार वर्षं झुलवलं.

सुरुवात ग्रीस देशातल्या अ‍ॅरिस्टॉटलपासून करू. इसवी सनापूर्वी 384 ते 322 हा त्याचा काळ. त्याचं म्हणणं साधं होतं: ढकलणारा असेल तोवर वस्तू चालते, ढकलणं संपलं की थांबते. बैल ओढतात तोवर गाडी चालते, हे आपणही रोज बघतो. मग फेकलेला दगड हातातून सुटल्यावर पुढे का जातो? त्यावर त्याचं उत्तर असं की हवाच त्याला पुढे ढकलत नेते. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याला हसू नका. डोळ्यांना दिसतं त्याचाच त्यानं नियम केला होता. गडबड एवढीच की गाडीला मागं ओढणारंही काहीतरी आहे, हे दिसत नाही.

पुढे सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस नावाच्या माणसानं या हवेच्या गोष्टीवर शंका घेतली. पण मला जास्त आवडतो तो चौदाव्या शतकातला पॅरिसचा शिक्षक, जाँ बुरीदाँ. त्यानं पुरावा आणला तो थेट लोहाराच्या दारातून. तो म्हणाला, भोवरा बघा, लोहाराचं धार लावायचं दगडी चाक बघा. दोन्ही जागच्या जागी फिरतात. पुढे सरकतच नाहीत, म्हणजे मागे मोकळी जागा पडत नाही. मग हवा कुठून शिरणार आणि ढकलणार कशी? चाकाभोवती कापड धरून हवा अडवली, तरी चाक फिरतच राहतं. नदीत दोरानं ओढत नेलेली नाव दोर सोडल्यावर लगेच थांबत नाही, आणि नावेवरच्या माणसाला वारा पाठीमागून लागत नाही, समोरून लागतो. त्यावरून त्यानं ठरवलं की ढकलणारा वस्तूत एक जोर भरून ठेवतो, आणि बाहेरचा अडथळा तो जोर हळूहळू खाऊन टाकतो. अडथळाच नसता, तर तो जोर संपलाच नसता, असंही तो म्हणाला. उत्तराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत तो आला होता.

उंबरा ओलांडला इटलीच्या गॅलिलिओनं. त्यानं सुमारे बारा हात लांब फळी घेतली, तिच्यात सरळ खाच पाडली, खाच घासून गुळगुळीत केली, आत तुकतुकीत चामडी कागद चिकटवला आणि तिरक्या फळीवरून कांस्याची गोळी सोडली. घड्याळ म्हणाल तर तेव्हा आजच्यासारखी नेमकी घड्याळं नव्हती. त्यानं मोठ्या भांड्याला बारीक नळी लावली, गोळी घरंगळते तोवर पडलेलं पाणी धरलं आणि ते तराजूत तोललं. शंभर शंभर वेळा तेच करून पाहिलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्यातून त्याला उतरणीवर वेग कसा वाढतो याचा हिशोब सापडला.

पण आपल्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते दुसऱ्या विचारातून. एका उतरणीवरून गोळी सोडली आणि समोर चढण ठेवली, तर गोळी जवळजवळ पहिल्या उंचीपर्यंत चढते. समोरची चढण कमी केली, की तेवढीच उंची गाठायला ती जास्त लांब जाते. आणखी कमी केली, आणखी लांब. आणि चढण ठेवलीच नाही, जमीन सपाट केली, अडवणारं काहीच ठेवलं नाही तर? मग गोळी थांबायचं कारणच उरत नाही. ती चालतच राहील. म्हणजे प्रश्नच उलटा झाला. चालत्या वस्तूला चालवतं कोण हे शोधायचं नाही, तिला थांबवतं कोण ते शोधायचं.

हा काही रिकामपणाचा वाद नव्हता. पृथ्वी फिरते असं म्हणणाऱ्यांना लोक विचारत, पृथ्वी फिरते तर पाखरं मागे का राहत नाहीत? वर फेकलेला दगड दूर का पडत नाही? उत्तर या गोळीतच होतं. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगानं चाललेल्या एसटीत नाणं वर उडवा, ते तुमच्याच हातात पडतं, कारण गाडीचा वेग नाण्यालाही आहे आणि तो आपोआप जात नाही. पृथ्वी फिरते हे मांडल्याबद्दल 1633 साली रोमच्या धर्मन्यायालयानं गॅलिलिओला शिक्षा दिली आणि उरलेलं आयुष्य तो नजरकैदेत राहिला. त्या दिवसांत त्याचं घरदार, हिशोब, औषधपाणी यांची काळजी पत्रांतून वाहिली ती त्याच्या लेकीनं, मठात जोगीण झालेल्या मारिया चेलेस्तेनं. ती 1634 साली गेली. तिची शंभराहून जास्त पत्रं अजून जपलेली आहेत. गॅलिलिओचं गतीवरचं पुस्तक 1638 साली परदेशात, हॉलंडमध्ये छापलं गेलं. तोवर तो आंधळा झाला होता.

मग आला न्यूटन. इंग्लंडमधल्या शेतकरी घरातला. बाप जन्माआधीच गेलेला, आईनं दुसरं लग्न केल्यावर आजीनं वाढवलेला. 1687 साली त्याचं मोठं पुस्तक निघालं, त्यात गतीचे तीन नियम आहेत. पहिला नियम म्हणजे आपली गोळी: बाहेरून बल लागलं नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगानं चालत राहते. आणि या नियमाखाली त्यानं जी उदाहरणं दिली, त्यात भोवरा आहे! हवा अडवते म्हणून तो मंदावतो, असं न्यूटन सांगतो. दुसरा नियम: जेवढं बल जास्त तेवढा वेग लवकर बदलतो, आणि वस्तू जेवढी जड तेवढा सावकाश. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी ढकलून पाहिलेल्या बाईला तो वेगळा शिकवायला नको. तिसरा नियम: तुम्ही बोटानं दगड दाबलात, तर दगडही बोटाला तेवढंच दाबतो. चालताना आपण पायानं जमीन मागे ढकलतो, जमीन आपल्याला पुढे ढकलते. चिखलात पाय सटकतो तेव्हा जमिनीला ती पकड मिळत नाही.

ही पकड म्हणजेच घर्षण. भोवऱ्याची आर जमिनीवर घासते, चाक आसावर घासतं, आणि तेच मागे ओढणारं बल अ‍ॅरिस्टॉटलला दिसलं नव्हतं. म्हणून तर गाडीला वंगण लागतं. घर्षणाला शत्रू समजू नका मात्र. ते नसतं तर डोक्यावर चुंबळ टिकली नसती आणि पदराची गाठ बसली नसती. फ्रान्सच्या गियोम आमोंतों नावाच्या माणसानं 1699 साली सांगितलं की घर्षण वजनावर ठरतं, टेकलेली जागा किती मोठी यावर नाही. विद्वानांना ते पटेना, म्हणून पुन्हा तपासलं, तर खरं निघालं. तुम्हीही बघा: विटेला दोरी बांधा, ताणकाट्यानं फळीवरून ओढा, आधी आडवी, मग कडेवर. काटा जवळपास सारखाच येईल. पुढे कूलाँब नावाच्या लष्करी इंजिनिअरनं दाखवलं की थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, चालू ठेवायला कमी. पहिला धक्काच जड असतो, हे जात्यावर बसलेल्या आजीला ठाऊकच होतं.

आता न्यूटनच्या पुस्तकाकडे परत येऊ. ते होतं लॅटिनमध्ये आणि अतिशय कठीण. फ्रान्समध्ये ते फ्रेंच भाषेत आणायचं काम हाती घेतलं एका बाईनं. एमिली दु शातले, जन्म 1706, पॅरिस. श्रीमंत घर, बापानं लेकीला शिकू दिलं, पुढे चांगले गणिती तिनं शिकवणीला लावले. पण पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं दार बाईला बंद. तिथं पहिली पूर्ण सदस्य बाई व्हायला 1979 साल उजाडलं. एमिलीनं 1740 साली पदार्थविज्ञानाचं पुस्तक काढलं, तेही स्वतःच्या मुलाला शिकवायचं म्हणून लिहायला घेतलेलं. त्यानंतर न्यूटन. नुसतं भाषांतर करून ती थांबली नाही, जिथं न्यूटननं जुन्या भूमितीनं मांडणी केली, तिथं तिनं नव्या गणितानं समजावून देणारी टीका जोडली.

1749 साली, बेचाळिसाव्या वर्षी तिला दिवस राहिले. त्या वयातलं बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ, हे तिला कळत होतं. रात्री जागून तिनं काम उरकलं आणि बाळंत व्हायच्या आधी हस्तलिखित राजाच्या ग्रंथालयात जमा करायला पाठवलं. 4 सप्टेंबरला मुलगी झाली. 10 सप्टेंबरला एमिली गेली.

पूर्ण पुस्तक छापून निघालं ते दहा वर्षांनी, 1759 साली. न्यूटनचे तीन नियम फ्रेंच भाषेत वाचायचे तर आजही लोक तिचंच भाषांतर उघडतात.