बोटांनी पाहिलेला खुबा

नोव्हेंबर 1895. तासगावजवळच्या शेतात, जोंधळा राखायच्या माळ्यावरून तुम्ही खाली कोसळलात. उजवा पाय उचलत नाही. पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडून पडलंय. भावकी म्हणते, हाडवैद्याला बोलवा, तेल लावून ओढू दे. तुमची आई मात्र बैल जुंपायला लावते. "मिरजेला न्या त्याला."

तासगाव सातारा जिल्ह्यात, मिरज पटवर्धनांचं संस्थान. गाडीनं हद्द कधी ओलांडली, तुम्हाला पत्ताही लागत नाही. प्रत्येक गचक्याला मांडीत कळ उठते.

मिशनचं हे रुग्णालय डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी गेल्याच वर्षी सुरू केलं. इथं क्ष-किरणांचं यंत्र नाही. जगात कुठंच नाही. जर्मनीत राँटगेनला ते किरण याच महिन्यात सापडताहेत. तुमचं हाड पाहायचं ते बोटांनीच.

डॉक्टरांचं बोट कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर थांबतं. तिथून फीत मागं, थेट बैठकीच्या हाडापर्यंत. नेलातों या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावानं ही रेघ ओळखतात. मांडीच्या हाडाचा बाहेरचा मोठा उंचवटा तिच्या वर चढता कामा नये. डावीकडचा जागेवर आहे. उजवीकडचा वर सरकलाय. फीत मग घोट्यापर्यंत जाते: उजवा पाय दीड इंच आखूड. तीन उंचवटे आणि एक फीत, एवढ्यावर न दिसणारं हाड ओळखायचं! या विद्येपुढं मी आजही नतमस्तक होतो.

पण मोडलंय नेमकं कुठं? मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या उखळीत बसतो, आणि त्याला रक्त मुख्यतः हाडाच्या मानेवरून मिळतं. माथ्यालगत मान मोडली, तर माथा उपाशी राहतो. असं हाड जुळण्याची आशा या काळात बहुतेक सोडूनच देतात. डॉक्टर उंचवट्याभोवती हलकेच दाबतात. सूज तिथंच आहे, काळंनिळंही तिथंच. म्हणजे हाड मानेच्या तळाशी मोडलंय, जिथं रक्त भरपूर. हे जुळेल.

पायाला चिकटपट्ट्या, त्यांना दोरी. दोरी खाटेच्या पायथ्याशी कप्पीवरून खाली, टोकाला वजन. पायथ्याकडची बाजू विटांवर उचललेली, म्हणजे तुमचंच अंग उलटं ओढतं. मांडीचे दणकट स्नायू तुटकी टोकं एकमेकांवर चढवतात. त्यांना रात्रंदिवस असं थकवायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आई रोज पाठ पुसून कोरडी करते.

ठरल्या दिवशी डॉक्टर पुन्हा फीत लावतात. दीड इंचाचा फरक आधी एकावर येतो, मग अर्ध्यावर.