हिरव्या इग्वानाच्या पिल्लाचा आहार

हिरवा इग्वाना (शास्त्रीय नाव: इग्वाना इग्वाना) हा मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि काही कॅरिबियन बेटांवर आढळणारा, मुख्यतः झाडांवर राहणारा मोठा सरडा आहे. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पाळीव प्राणी म्हणून तो अनेक देशांत विकला जातो. नव्याने आणलेले पिल्लू काही दिवस अन्नाला तोंड लावत नाही, ही पाळणाऱ्यांची नेहमीची अडचण होय. तिचे मूळ अनेकदा अन्नात नसून पिल्लाला मिळणाऱ्या उष्णतेत आणि परिसरात असते.

नैसर्गिक आहार व पचन

हा सरडा आयुष्यभर प्रामुख्याने पाने, फुले व फळे खातो. पानांतील तंतुमय भाग त्याला स्वतः पचवता येत नाही; बृहदांत्रातील सूक्ष्मजीव किण्वनाद्वारे त्याचे विघटन करतात. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाजवळ हे सूक्ष्मजीव नसतात. कॅथरिन ट्रॉयर यांनी पनामातील इग्वानांवर केलेल्या आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पिल्ले मोठ्या इग्वानांची विष्ठा खाऊन ते मिळवतात. जन्मानंतर पहिले काही दिवस शरीरात उरलेल्या पिवळ्या बलकावर पिल्लाचे पोषण होते. त्यामुळे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाने लगेच न खाणे हे आजाराचे लक्षण नसते.

उष्णता व प्रकाश

इग्वाना आपल्या शरीराचे तापमान बाह्य उष्णतेच्या साहाय्याने राखतो. शरीर पुरेसे तापले नाही तर सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते, पचन रेंगाळते आणि भूक नाहीशी होते. म्हणून पिंजऱ्यात ऊन खाण्याच्या जागी सुमारे ३५ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २६ अंश सेल्सियस तापमान ठेवले जाते. अतिनील बी किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते व त्यामुळे कॅल्शियम शोषले जाते. खिडकीची साधी काच हे किरण अडवते. त्यामुळे काचेआडचे ऊन या कामी येत नाही. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडल्यास चयापचयी अस्थिविकार होतो. त्यात जबडा मऊ होतो, पाय सुजतात आणि पिल्लाला चावणेही कठीण जाते.

योग्य आहार

आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण २:१ असावे. शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची पाने व फुले आणि सलगमची पाने हा आहाराचा मुख्य भाग असू शकतो. त्यांना किसलेला लाल भोपळा व फरसबीची जोड देतात. पपई, अंजीर यांसारखी फळे थोडीच द्यावीत. पालक व राजगिऱ्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, तर लेट्यूसमध्ये पोषणमूल्य कमी असते. म्हणून या भाज्यांवर भर देऊ नये. पूर्वीच्या मार्गदर्शनपर पुस्तकांत पिल्लांना कीटक किंवा मांजराचे खाद्य देण्याचा सल्ला आढळतो. प्राणिज प्रथिनांच्या अतिरेकाने मूत्रपिंडांना इजा होत असल्याने आता तो दिला जात नाही.

अन्न नाकारण्याची कारणे

अपुरी उष्णता, नवी जागा, आडोशाचा अभाव, वारंवार हाताळणे, निर्जलीकरण आणि आतड्यांतील परजीवी ही प्रमुख कारणे आहेत. एकाच पिंजऱ्यात अनेक पिल्ले असल्यास दांडगे पिल्लू इतरांना अन्नाजवळ किंवा उबदार जागी येऊ देत नाही. अशा वेळी दुबळे पिल्लू वेगळे ठेवावे लागते.

उपाय

प्रथम तापमान तापमापकाने मोजून दुरुस्त करतात. सकाळी पिल्लाने अंग शेकल्यावर बारीक चिरलेला पाला उथळ भांड्यात, शक्यतो बसण्याच्या फांदीजवळ ठेवतात आणि पिल्लाला एकटे सोडतात. लाल किंवा पिवळ्या फुलांचे तुकडे वर पेरल्यास त्याचे लक्ष अन्नाकडे वेधले जाते. पाल्यावर पाणी शिंपडल्याने शरीरातील पाण्याची तूटही काही अंशी भरून निघते. शिळे अन्न त्याच दिवशी काढून टाकावे.

जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नये. अस्थिविकार असल्यास जबडा मोडू शकतो आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डोळे खोल जाणे, शेपटीचे मूळ बारीक होणे, सुस्ती किंवा विष्ठा न होणे ही लक्षणे दिसल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. इग्वानाच्या विष्ठेत साल्मोनेला जीवाणू असू शकतात. त्यामुळे हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे आवश्यक आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

हिरवा इग्वाना साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने साइट्सच्या परिशिष्टांतील प्राण्यांचा चौथ्या अनुसूचीत समावेश झाला. २०२४ च्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते.