मायावी परीपुरुष (रोलप्लेइंग गेममधील प्रतिपक्ष)

ब्रिटिश बेटांतल्या लोककथांमधला बलाढ्य, लहरी आणि शब्दांत पकडणारा परीपुरुष टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये प्रतिपक्ष म्हणून उभा करण्याची रीत. मराठीत ‘परी’ म्हटले की पंख लावलेली, छडी हातात धरलेली गोड मुलगी डोळ्यांपुढे येते. ती इथे बाजूला ठेवावी लागते. स्कॉटलंडमधले लोक या मंडळींचे खरे नाव घ्यायला कचरत आणि त्यांना ‘भले शेजारी’ म्हणत. आपल्याकडे गावात रात्रीच्या वेळी सापाला ‘जनावर’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. खेळात आणायची ती हीच भीती.

या पात्राचा सर्वांत उपयोगी आधुनिक नमुना सुझॅना क्लार्क यांच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (2004) या कादंबरीत सापडतो. कथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधली आहे. यातला परीपुरुष वाचकाला शेवटपर्यंत निनावीच राहतो. हिरवा कोट आणि हवेत उडणाऱ्या म्हातारीसारखे पांढरे, भुरभुरते केस एवढीच त्याची ओळख. नॉरेल हा जादूगार एका मृत तरुणीला जिवंत करण्यासाठी त्याला बोलावतो. मोबदला ठरतो तिचे अर्धे आयुष्य. नॉरेल समजतो की उत्तरार्धातली वर्षे जातील. परीपुरुष मात्र तिची प्रत्येक रात्र घेतो. रोज रात्री तिला त्याच्या उदास महालात नाचावे लागते आणि दिवसा ती थकून पडून राहते. करारातला एकही शब्द त्याने मोडलेला नाही. या पात्राची सगळी ताकद या एका व्यवहारात दिसते. खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने सुरुवात करावी ती इथूनच.

सहसा मात्र सुरुवात होते ती पात्राच्या ताकदीच्या आकड्यांपासून. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (पहिले प्रकाशन 1974) हा मुळात लढाईभोवती वाढलेला खेळ. त्याच्या 2014 च्या आवृत्तीत बड्या प्रतिपक्षाला ‘लेजंडरी रेझिस्टन्स’ मिळतो: सेव्हिंग थ्रो (जादू किंवा धोका टाळण्यासाठी टाकलेला फासा) फसला तरी तो यशस्वी झाला असे दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, मानता येते. चार-पाच खेळाडू एकट्यावर तुटून पडतात तेव्हा तो पहिल्याच फेरीत निकामी होऊ नये म्हणून ही सोय. ड्रॅगनसाठी ती चांगली चालते. परीपुरुषाला एवढेच दिले तर तो हिरव्या कोटातला ड्रॅगन होतो. त्याच आवृत्तीतल्या छोट्या पिक्सीला अवघा 1 हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) आहे, तरी ती गुंगवते, अदृश्य होते, वाट चुकवते. परीलोकाचा धाक हिट पॉइंट्समध्ये नाही, हे या एका आकड्यावरूनही कळते.

परीपुरुषाला दोन गोष्टी हव्यात: तो स्वतः मोडू शकत नाही असे नियम, आणि खेळाडूंनी आपण होऊन दिलेला शब्द. ‘द वाइल्ड बियाँड द विचलाइट’ (2021) या साहसकथेत परीलोकासाठी आदरातिथ्य, मालकी आणि परतफेड असे तीन नियम घातले आहेत. तीत लढाई न करताही शेवट गाठता येतो. लहानपणी तिकीट न काढता कथेतल्या जादूच्या जत्रेत शिरल्यामुळे आपले काहीतरी हरवलेले खेळाडूही तीत येऊ शकतात. कुणाची दिशेची जाण गेलेली, कुणाला गुपित ठेवणे जमेनासे झालेले. पात्राच्या वाट्याचे असे काही काढून घेतलेले जखमेपेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहते.

‘फेट’ या प्रणालीतली ‘कंपेल’ची पद्धत तर या कामासाठीच बनवल्यासारखी वाटते. मास्टर खेळाडूपुढे अडचण ठेवतो आणि सोबत एक फेट पॉइंट देऊ करतो. नको असेल तर खेळाडूला आपल्याजवळचा पॉइंट मोजून ती टाळावी लागते. हा टेबलावरच झालेला सौदा आहे, आणि तो स्वीकारणारा हात खेळाडूचाच असतो. मोहिनी घालून पात्राचा ताबा तासभर काढून घेणे याच्या अगदी उलट: त्या पात्राचा खेळाडू नुसता बघत बसतो. असा ताबा फार थोडा वेळ घ्यावा, आणि खेळ सुरू करण्याआधी सर्वांना विचारून. नको तो प्रसंग तिथल्या तिथे थांबवण्यासाठी एक्स-कार्ड टेबलावर असलेले बरे, कारण परीकथांत पळवलेली मुले आणि मन काबूत घेतलेली माणसे जागोजागी येतात.

कादंबरीतले आणखी एक हत्यार जसेच्या तसे उचलता येते. नॉरेलने जिवंत करवलेली ती तरुणी, लेडी पोल, आपल्यावरचा प्रसंग सांगायला तोंड उघडते आणि बाहेर पडते ती भलतीच, असंबद्ध गोष्ट. खेळात मास्टरने त्या खेळाडूला घडी घातलेली चिठ्ठी द्यावी: ‘महालाबद्दल बोलायला गेलास की हे वाच.’ खेळाडू वाचतो, बाकीचे गोंधळतात, एखादा हसतो. तिसऱ्या चिठ्ठीला कुणीतरी विचारतोच, ‘तू हे मुद्दाम बोलतोयस का?’ इथे फासा टाकायची गरजच पडत नाही.

परीपुरुषाची मायाही तितकीच घातक. कादंबरीत स्टीफन ब्लॅक या बटलरवर त्याचा जीव जडतो. त्याला इंग्लंडचा राजा करायचे म्हणून तो माणसे मारतो आणि वर आभारांची वाट पाहतो. स्टीफनला यातले काहीच नको असते. खेळाडूंपैकी एकावर अशी मर्जी बसवली की तो गट वैऱ्यापेक्षा या चाहत्याला जास्त घाबरतो.

उरतो परीपुरुषाचा पराभव. तो शक्य असलाच पाहिजे, आणि वाट त्याच्याच बोलण्यातून निघाली पाहिजे. कादंबरीत सौद्याची खूण म्हणून परीपुरुषाने लेडी पोलची करंगळी नेलेली असते. पुढे दुसरा जादूगार स्ट्रेंज त्याच्याकडे मागतो: मागच्या इंग्लिश जादूगाराशी झालेल्या व्यवहारात तुला जे मिळाले, ते आणून दे. परीपुरुष ते बोट ठेवलेली छोटी पेटी आणून देतो. ती नॉरेलचा नोकर चिल्डरमास याच्यापर्यंत पोचते, सेगंडस नावाचा जादूगार मंत्राने बोट हाताला जोडतो आणि लेडी पोल सुटते. खेळात त्या पेटीत काय आहे आणि कोणत्या शब्दांत मागितली तर ती मिळेल, हे मास्टरने पहिल्या बैठकीआधीच वहीत लिहून ठेवावे.