बाटलीमागचा भागाकार : पोषणतक्त्याचा इतिहास (थ्रेड)

१/ पाकिटावर माहिती छापली, म्हणजे ती ग्राहकाला कळली असे होत नाही. पोषणतक्त्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे. त्याचे तीन टप्पे पाहू : अमेरिका, चिले आणि भारत.

२/ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७३ साली पोषणमूल्ये छापण्याचे नियम केले, परंतु ते बहुतांशी ऐच्छिक होते. उत्पादकाने पौष्टिकतेचा दावा केला किंवा पदार्थात पोषकद्रव्ये मिसळली, तरच तक्ता बंधनकारक. पुढे ऐंशीच्या दशकात आरोग्यविषयक दाव्यांचे पेव फुटले.

३/ अखेर १९९० साली कायदा झाला आणि १९९४ पासून बहुतेक पॅकबंद अन्नावर तक्ता सक्तीचा झाला. त्याची रचना बर्की बेल्सर यांची : काळी चौकट, जाड-बारीक रेषा, सर्वत्र एकच क्रम. दोन डब्यांची तुलना आता शक्य झाली.

४/ मात्र एक पळवाट उरली. तक्त्यातील आकडे ‘एका वाढणी’चे असत. २० औंसांची, म्हणजे सुमारे ५९० मिलीची शीतपेयाची बाटली कागदोपत्री अडीच वाढण्यांची ठरे. माणूस ती एकटाच संपवी. आकडा खरा होता, पण त्याला अडीचने गुणण्याचे काम ग्राहकाचे.

५/ २०१६ च्या सुधारित नियमांनी अशी बाटली एकच वाढणी मानली, कॅलरींचा आकडा मोठा केला आणि वरून घातलेल्या साखरेला स्वतंत्र ओळ दिली.

६/ त्याच वर्षी जूनमध्ये चिलेने निराळा मार्ग धरला. २०१२ च्या कायद्यानुसार पाकिटाच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोन आले : साखर, सोडियम, संतृप्त चरबी किंवा कॅलरी ‘जास्त’. माप १०० ग्रॅम वा १०० मिलीचे. त्यामुळे वाढणीचा प्रश्नच मिटला. घन पदार्थांसाठी साखरेची मर्यादा टप्प्याटप्प्याने २२.५ ग्रॅमवरून २०१९ पर्यंत १० ग्रॅमवर आणली गेली.

७/ अष्टकोन असलेल्या पदार्थांना शाळेत विक्रीची बंदी झाली आणि पाकिटांवरील मुलांना भुलवणारी कार्टूने गेली. सुरुवातीच्या काळातील एका अभ्यासात अशा पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटलेली दिसली. हे श्रेय केवळ चिन्हाचे नव्हे. चिन्ह, जाहिरातबंदी आणि शाळाबंदी एकत्र लागू झाली होती.

८/ भारतात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत मानांकनाचा मसुदा मांडला. आक्षेप असा की, त्यात फळे, सुकामेवा, तंतू यांचे गुण मिळवून साखर-मिठाचा दोष झाकता येतो. इशारा एका घटकाबद्दल बोलतो. तारे बेरीज-वजाबाकी करून गोळाबेरीज सांगतात.

९/ वरवर पाहता हा वाद चिन्हांचा आणि अक्षरांच्या आकाराचा. खरा प्रश्न एवढाच, की हिशेब कोणी करायचा : विकणाऱ्याने की घेणाऱ्याने?

१०/ तोवर हिशेब आपल्याकडेच आहे. ६०० मिलीच्या बाटलीवर ‘प्रति १०० मिली साखर ११ ग्रॅम’ असे असेल, तर आत ६६ ग्रॅम साखर आहे. चार ग्रॅमचा एक चमचा धरला, तर सोळाहून अधिक चमचे.